ओव्हरक्लॉकिंगनंतरची संगणक-अस्थिरता

ओव्हरक्लॉकिंगनंतरची संगणक-अस्थिरता : प्रोसेसरची कंप्रता उत्पादकाने ठरविलेल्या मर्यादेपलीकडे नेण्याचा प्रयत्न फसल्यावर संगणकाच्या कार्यात उद्भवणारी अनियमितता. पडदा काळाच राहणे, यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणे, निळ्या पडद्यावर दोषसंदेश उमटणे आणि यंत्र वरकरणी सुरळीत चालत असताना साठविलेले दस्तऐवज नकळत बिघडणे, ही तिची मुख्य रूपे होत. यांपैकी शेवटचे सर्वांत घातक. कारण मूळ सेटिंग बहाल केल्याने बिघाडाचे कारण दूर झाले, तरी मधल्या काळात चुकीचे लिहिले गेलेले आपोआप दुरुस्त होत नाही.

कारणमीमांसा : प्रोसेसरची कंप्रता ही मूळ कंप्रता आणि गुणक यांचा गुणाकार असते, 100 मेगाहर्ट्‌झला 45 ने गुणले असता 4.5 गिगाहर्ट्‌झ मिळतात. कंप्रता वाढली की प्रत्येक मंडलाला आपले काम उरकण्यास मिळणारा अवधी घटतो, तो पुरेसा ठरावा म्हणून विद्युत् दाब वाढवावा लागतो, आणि उष्णता दाबाच्या वर्गाच्या व कंप्रतेच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे दोन्ही दहा टक्क्यांनी वाढविल्यास ती सुमारे 33 टक्क्यांनी वाढते. 1998 मधील सेलेरॉन 300ए हा प्रोसेसर, बसची, म्हणजेच मूळ, कंप्रता 66 वरून 100 मेगाहर्ट्‌झवर नेली असता, बहुधा 450 मेगाहर्ट्‌झवर निर्वेध चाले. या छंदाला लोकप्रियता मिळाली ती अशा उदाहरणांमुळे. अलीकडचे प्रोसेसर मुळातच आपल्या मर्यादेच्या जवळ धावत असल्याने तेवढी सवड आता उरलेली नाही.

स्थानिक परिस्थिती : उरलीसुरली सवड खोलीच्या तापमानानेही घटते. मुंबईजवळची उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरे समुद्रापासून आत असल्यामुळे तेथील एप्रिल-मे महिन्यांतील दुपार मुंबईपेक्षा अधिक तापते. शीतक हा प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही; विशिष्ट भाराला तो दोहोंमध्ये साधारणतः ठरावीक अंतर राखतो. म्हणून जानेवारीत 24 अंशांच्या खोलीत 84 अंशांवर टिकलेला प्रोसेसर मे महिन्यात 38 अंशांच्या खोलीत 98 अंशांच्या आसपास पोहोचतो. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांची कमाल मर्यादा 100 अंश सेल्सिअस आणि एएमडीच्या अनेक रायझेन प्रोसेसरांची 95 अंश असल्याने, हिवाळ्यात उत्तीर्ण झालेली सेटिंग उन्हाळ्यात नापास होते, यात नवल नाही. उल्हासनगरात जीन्स शिवण्याच्या कारखान्यांलगतच्या घरांत व गाळ्यांत सुताचा बारीक तंतू शीतकाच्या पात्यांत साचून हवेची वाट अडवू शकतो. सबब पाती आधी साफ करणे इष्ट.

महावितरणचा पुरवठा 230 व्होल्टचा असून, तो खालावला तर चांगला वीजपुरवठा-संच निभावून नेतो. परंतु जुन्या संचातील 12 व्होल्टची वाहिनी भाराखाली 11.4 व्होल्टच्या खाली उतरल्यास प्रोसेसरवर नाहक संशय येतो. बायॉसची नवी आवृत्ती चढवीत असताना वीज गेल्यास मदरबोर्ड निकामी होण्याचा धोका असल्यामुळे ते काम यूपीएसखेरीज हाती घेऊ नये.

निदानक्रम : प्रथम वीज तोडून, चालू करण्याचे बटण दाबून उरलेला भार निचरू द्यावा आणि मदरबोर्डवरील जंपरने किंवा सीआर2032 ही 3 व्होल्टची बटणवजा बॅटरी काही मिनिटे काढून ठेवून सीमॉस, म्हणजे बायॉसची साठविलेली सेटिंग, पुसावा. मेमरीचा वेग वाढविणारी एक्सएमपी अथवा एक्स्पो ही प्रोफाइलदेखील बंद ठेवावी. मेमरीचा नियंत्रक प्रोसेसरमध्येच असल्याने तिचा वेग हाही एक प्रकारचा ओव्हरक्लॉकच होय. विंडोज सुरू होताच जुनी सेटिंग पुन्हा लादणारे ट्यूनिंगचे सॉफ्टवेअर काढून टाकण्याकडे कारागिरांचेही पुष्कळदा दुर्लक्ष होते, आणि मग सीमॉस पुसूनही दोष कायम का, याचा उलगडा होत नाही.

त्यानंतर बिघाडाच्या वेळेची शहानिशा करावी. सुरू होतानाच यंत्र अडखळत असेल तर मेमरीकडे, भाराखाली काही मिनिटांनी बंद पडत असेल तर उष्णतेकडे वा वीजपुरवठा-संचाकडे, आणि रिकामे असताना गोठत असेल तर अल्पभारातील अपुऱ्या दाबाकडे संशयाची सुई वळते. मेमरीची एकच पट्टी ठेवून मेमटेस्ट86+ ही चाचणी रात्रभर चालवावी. तीत एकही चूक क्षम्य नाही. प्रोसेसरवर भार टाकणारे प्राइम95 चालवून तापमानावर लक्ष ठेवावे, आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये हार्डवेअरचे दोष दाखविणाऱ्या डब्ल्यूएचईए या नावाच्या नोंदी अथवा निळ्या पडद्यावरील 0x124 व 0x101 हे संकेतांक आढळतात का, ते पाहावे. एका वेळी एकच बदल करून तो वहीत टिपून ठेवावा. दोन बदल एकत्र केल्यास उपाय सापडूनही कारण अज्ञात राहते. यंत्र स्थिर झाल्याची खातरजमा झाल्यावरच विंडोजच्या फायली व डिस्क तपासणारे एसएफसी आणि चेकडिस्क चालवावेत, व महत्त्वाच्या फायली जुन्या प्रतींशी ताडून पाहाव्यात.

कायमची हानी : दीर्घकाळ अतिरिक्त दाब व उष्णता सोसल्याने सूक्ष्म धातुवाहिन्यांतील अणू स्थलांतर करतात, या क्षरणाचे गणित जेम्स ब्लॅक यांनी 1969 मध्ये मांडले. मूळ सेटिंगवर अस्थिर असलेला प्रोसेसर, इतर भाग निर्दोष ठरल्यावर, कंप्रता उतरविताच स्थिर होत असेल, तर त्याची झीज झाली असे अनुमान निघते. तथापि इंटेलच्या 13व्या व 14व्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर ओव्हरक्लॉक न करताही अस्थिर होत असल्याचे उघडकीस आले. कंपनीने ऑगस्ट 2024 पासून त्यांच्यासाठी सुधारित मायक्रोकोड दिला आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली. अशा प्रोसेसरांच्या बाबतीत वापरणाऱ्यास दोष देण्यापूर्वी बायॉस अद्ययावत करणे अगत्याचे आहे.

सुटे भाग व हमी : संशयित भागाच्या जागी खात्रीचा भाग लावून पाहणे ही सर्वांत निर्णायक चाचणी असून, त्यासाठी उल्हासनगर-बदलापूर पट्ट्यातील ग्राहक स्थानिक दुकानदारांकडे किंवा लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरील बाजारात जातो. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान उत्पादकाच्या हमीत सामान्यतः बसत नाही. जुन्या प्रोसेसरवर पूर्वीच्या मालकाने केलेल्या प्रयोगांची कोणतीही खूण बाहेरून दिसत नसल्यामुळे, तो भाराखाली चालवून पाहिल्याखेरीज पैसे मोजू नयेत, आणि ही चाचणी शक्यतो उन्हाळ्यात, पंखा बंद ठेवलेल्या खोलीत घ्यावी.