गोष्ट नसलेला सिनेमा

माहितीपट बघू या म्हटलं, की बायकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘त्यात गोष्ट असते का?’ नायिका नाही, गाणी नाहीत, शेवटी लग्न नाही, मग वेळ कशाला घालवायचा? मी कला शाखेची पदवीधर, इतिहासाची आवड, त्या ओढीने हे चित्रपट पाहत गेले. त्यातले तीन-चार तुम्हीही पाहावेत असे आहेत.

आपल्या देशात सिनेमाची सुरुवातच मुळी खऱ्या घटनांच्या चित्रणाने झाली, आणि त्यात पुढे होता एक मराठी माणूस. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, मुंबईचे छायाचित्रकार. १८९६ साली लुमिएर बंधूंचे खेळ मुंबईत झाले. पुढे सावेदादांनी परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. केंब्रिजहून सीनियर रँग्लर होऊन आलेल्या र. पु. परांजप्यांचं १९०१ मधलं स्वागतही त्यांनी टिपलं. सावेदादांच्या त्या कुस्तीच्या चित्रणातला माणूस कुणी राजा नव्हता, पौराणिक देवही नव्हता. घाम गाळणारा पैलवान होता.

पाहायची सुरुवात मात्र दादासाहेब फाळक्यांपासून करा. १९१७ च्या सुमारास त्यांनी चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा छोटा चित्रपट काढला. त्याचा काही भाग आजही पाहायला मिळतो. त्यात फाळके स्वतः काम करताना दिसतात. ते बघताना सरस्वतीबाईंची आठवण ठेवा. ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी अंधाऱ्या खोलीत बसून फिल्मच्या पट्टीला छिद्रं पाडणं, ती रसायनांत धुणं ही कामं या माउलीने केली. शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. दागिनेही तिनेच काढून दिले. चित्रपटाचा जनक कोण, हे शाळेत शिकवतात. त्या कामात घरच्या बाईचे हात किती होते, हे आपण मुलींना सांगायचं.

दुसरा, विठ्ठलभाई झवेरींचा ‘महात्मा’, १९६८ सालचा. जुनी चित्रणं, छायाचित्रं आणि गांधीजींचे स्वतःचे शब्द यांतून उभा केलेला हा चित्रपट साडेपाच तासांचा आहे. एका बैठकीत संपवायचा हट्ट नको, आठ दिवसांत थोडा थोडा पाहा. त्यातली दांडीयात्रा तर आपल्या अंगणातली. १२ मार्च १९३० ला साबरमतीहून ७८ सोबती घेऊन निघालेले गांधीजी सुरतेवरून पुढे गेले, आणि ६ एप्रिलला दांडीला त्यांनी मीठ उचललं. दांडी तेव्हा सुरत जिल्ह्यातच होती, आता नवसारीत आहे. निघालेल्या त्या ७८ जणांत एकही बाई नव्हती. पण आठवडाभरात, १३ एप्रिलला, दांडीलाच स्त्रियांची सभा भरली. दारूच्या आणि परदेशी कापडाच्या दुकानांपुढे निदर्शनं करण्याचं काम गांधीजींनी स्त्रियांवर सोपवलं. उंबरठा ओलांडून रस्त्यावर उभं राहणं तेव्हा काय असेल, याचा विचार करत तो भाग पाहा.

मधे थोडं हसायचं असेल तर फैज़ा अहमद ख़ान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) पाहा. यंत्रमागांच्या गावातली सिनेमावेडी माणसं हाताशी असेल त्या सामानात सुपरमॅनचा सिनेमा काढतात. हसता हसता कळतं, की मागावर राबणाऱ्या माणसालाही पोटापलीकडची भूक असते.

आणि आता मुख्य. राहुल जैन यांचा ‘मशिन्स’, २०१६ चा, सव्वा तासाच्या आतबाहेरचा. तो आपल्या सुरतेजवळच्या सचिनच्या एका कापड गिरणीत चित्रित झाला. निवेदन नाही, पार्श्वसंगीत नाही, फक्त यंत्रांचा आवाज. रंगांची पिंपं, वाफा, ओल्या कापडाचे ढीग आणि त्यांच्यामध्ये बारा-बारा तास उभे असलेले कामगार. यंत्राशी उभ्या एका पोराच्या पापण्या मिटत राहतात, तो मान झटकून पुन्हा कामाला लागतो. ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. शेवटी कामगार कॅमेऱ्यालाच विचारतात, की तुम्हीही पुढाऱ्यांसारखे ऐकून निघून जाणार ना? प्रश्न दिग्दर्शकाला होता. ऐकते मी, अंगावर सुरतेची साडी नेसून.

आपण पाणी गाळून पितो. चातुर्मासात पालेभाजी टाळतो. मुंगी दिसली तर पाऊल मागे घेतो. जिवाला इतकं जपणाऱ्या आपल्या समाजात कितीतरी घरांचा संसार कापडावर चालतो. म्हणून हा चित्रपट आपल्याला इतरांपेक्षा जास्त बोचायला हवा. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांची दया आणि डोळ्यांसमोर पेंगणाऱ्या त्या पोराची दया, या दोन वेगळ्या कशा असतील? कुणा एकाला दोष देऊन हे सुटणार नाही. पण न बघण्याची मोकळीक आपल्याला नाही, एवढं मला पटलं आहे.

आणखी एक चित्रपट मला पाहायचा आहे, तो अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही. गिरणीतून निघालेली साडी बाजारात जाण्याआधी घराघरांत फिरते. धागे कापणं, लेस लावणं, टिकल्या-खडे चिकटवणं, हे काम बायका करतात. लिंबायत-उधन्याकडे खानदेशातून आलेल्या आपल्या मराठी बायाही त्यात आहेत. मुलांना भरवता भरवता, उजेड जाईपर्यंत हात चालू. आता आपल्या प्रत्येकीच्या हातात कॅमेरा असलेला फोन आहे. लग्नाचे तासन् तास व्हिडिओ काढतो, तर त्यांच्याशेजारी बसून, त्यांच्या परवानगीने, दहा मिनिटं त्यांच्या हातांचंही चित्रण करता येईल. एका साडीमागे किती मिळतात, हेही विचारा. उत्तर आपल्या मंडळात सर्वांनी मिळून ऐकू, आणि मग पुढच्या खरेदीला निघू.