किल्ली चोरीला जाते तेव्हा

'किल्ली' या शब्दाचे मूळ संस्कृत 'कील' या शब्दात आहे. कील म्हणजे खुंटी. तिचीच सवत जी 'चावी', ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्याला उतरली. आणि दोघी ज्याच्यात फिरतात ते 'कुलूप' अरबी 'कुफ्ल'मधली अक्षरे मागेपुढे होऊन तयार झाले. दाराला लावायच्या एवढ्याशा वस्तूसाठी तीन मुलुखांतून शब्द गोळा व्हावेत ही मोठी गमतीची गोष्ट आहे. परंतु या तिन्हींत जुन्या कारागिराचे मर्म ओळखले ते 'कील' या शब्दानेच. कारण जगातली अगदी प्राचीन कुलपे खुंट्यांचीच होती. इजिप्त आणि इराक या भागांतल्या लाकडी कुलपांत अडसराच्या भोकांमध्ये वरून खुंट्या पडत आणि अडसर अडकून बसे. दात असलेली लांबलचक लाकडी किल्ली खालून घालून त्या खुंट्या उचलल्या की अडसर सरके. आज आपल्या घराच्या दाराला जे पितळी कुलूप असते, त्याच्या पोटातही याच खुंट्या आहेत. फक्त त्या धातूच्या झाल्या आणि स्प्रिंगवर बसल्या.

किल्ली ही केवळ उघडण्याची वस्तू नव्हे. ती अधिकाराची खूण आहे. प्राचीन रोममध्ये पत्नीला सोडचिठ्ठी देताना नवरा तिच्याकडून घराच्या किल्ल्या काढून घेई. आपल्याकडे सासूच्या कमरेचा जुडगा सुनेच्या हाती आला की घरातले राज्य बदलले असे समजावे. कुलूप मात्र तेच राही. ते बिचारे जुडगा कोणाच्या हातात आहे हे कधी विचारीत नसे.

कुलपाचा पुढचा सारा इतिहास हा संशयाचा इतिहास आहे. 1817 साली इंग्लंडातल्या पोर्ट्समथच्या गोदीत बनावट किल्ल्या वापरून चोरी झाली. तेव्हा सरकारने स्वतःच्या किल्लीखेरीज कशानेही न उघडणाऱ्या कुलपासाठी बक्षीस लावले. जेरेमाया चब याने 1818 साली असे कुलूप केले आणि शंभर पौंड मिळवले. त्याची खुबी अशी की, कोणी परकी किल्ली घालून खटपट केली की आतला अडसर अडकून बसे आणि कोणीतरी येऊन गेले हे मालकाला कळे. कुलूप प्रथमच साक्षीदार झाले! याच काळात लंडनमधल्या ब्रामा यांच्या दुकानात एक कुलूप मांडलेले असे आणि ते उघडणाऱ्यास दोनशे गिनी देण्याची पाटी वर्षानुवर्षे लागलेली होती. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी ए. सी. हॉब्ज नावाचा अमेरिकन आला. चबचे कुलूप त्याने पंचवीस मिनिटांत उघडले आणि ब्रामाच्या कुलपाशी सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास झुंज घेऊन तेही उघडले.

मोटारीला किल्ली उशिरा चिकटली. आरंभीची मोटार पुढे उभे राहून दांडा फिरवून चालू करावी लागे. 1912 साली कॅडिलॅक गाडीत विजेचा स्टार्टर आला, आणि 1949 साली क्रायस्लरने किल्ली फिरवताच इंजिन सुरू होण्याची सोय केली. 1982 साली फ्रान्समधल्या रेनो फ्युएगो गाडीने दुरूनच बटण दाबून दार उघडायची युक्ती आणली. तिथून आजची 'रिमोटची किल्ली' जन्माला आली. या किल्लीला दात नसतात, आकडे असतात. बटण दाबावे तितक्या वेळा ती निराळा आकडा उच्चारते आणि गाडीही त्याच क्रमाने मोजत असते. त्यामुळे कालचा आकडा कोणी चोरून ऐकला तरी तो आज शिळा. शिवाय किल्लीच्या पोटात एक चिप असते. तिची ओळख पटल्यावाचून इंजिन सुरू होत नाही. अशी व्यवस्था जर्मनीत आणि ब्रिटनमध्ये 1998 साली नव्या गाड्यांना सक्तीची झाली.

चोरही पुढे सरकले. 2011 साली झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील तिघा संशोधकांनी आठ कंपन्यांच्या दहा गाड्यांवर प्रयोग प्रसिद्ध केले. खिशातच राहणाऱ्या, बटण न लागणाऱ्या किल्लीचा संदेश त्यांनी मध्ये यंत्रे ठेवून लांब उभ्या असलेल्या गाडीपर्यंत पोचवला. दहाही गाड्या उघडल्या आणि सुरू झाल्या. किल्ली घरात खुंटीवर आणि गाडी पसार! अशी किल्ली पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी हा त्यावरचा स्वस्त उपाय. ठेवल्यावर डबा गाडीजवळ नेऊन दार उघडते की नाही हे मात्र पाहावे.

परंतु मला सांगायचे आहे ते निराळेच. ही सारी दोनशे वर्षांची बुद्धी खर्च झाली ती नक्कल ओळखण्यासाठी. अस्सल किल्लीच चोराच्या हाती गेली तर? मग चिप त्याच्याच बाजूने साक्ष देते. आमच्या गावी एका गृहस्थांच्या कोटातून लग्नकार्यात रिमोटची किल्ली गेली. गाडी जागेवर होती, दुसरी किल्ली घरी होती, म्हणून ते निश्चिंत राहिले. अकरा दिवसांनी गाडी दारातून गेली. काच फुटलेली नाही, तार तुटलेली नाही. तेव्हा संशय कोणावर? ड्रायव्हरवर! तो माझा जुना विद्यार्थी. दोन दिवस तो चौकीच्या बाकावर बसून होता. विमा कंपनीने दोन्ही किल्ल्या मागितल्या, आणि एक चोरीला गेली याचा कागदच नव्हता. पुढे खरा चोर किल्लीसकट सापडला, पण पोराची नोकरी गेली ती गेलीच. बायकोने मंगळसूत्र गहाण ठेवून ते महिने काढले.

म्हणून किल्ली गेल्याचे कळताच पहिले काम गाडीचे. ती तिथून हलवावी. दुसरी किल्ली जवळ नसेल तर गाडी एकटी न सोडता घरून मागवावी. रात्र काढायची असेल तर मेकॅनिककडून बॅटरीची तार सोडवून ठेवावी. दुसरे काम तक्रारीचे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्दीचा प्रश्न न काढता कोणत्याही ठाण्यात खबर देता येते. इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. 'हरवली' असे न लिहिता, चोरीला गेली असेल तर 'चोरीला गेली' असेच लिहावे. त्याची प्रत जोडून विमा कंपनीला पत्र द्यावे.

तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे. गाडीची कागदपत्रे, ओळखपत्र आणि घरात उरलेल्या सगळ्या किल्ल्या घेऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जावे आणि चोरलेली किल्ली गाडीच्या स्मरणातून पुसून घ्यावी. नुसती नवी किल्ली करून घेतली तर जुनी जिवंतच राहते! पुसल्यावर चोराच्या हातातली वस्तू इंजिन सुरू करू शकत नाही. मात्र तिच्यात लोखंडी पाते असेल तर ते दार अजूनही उघडेल. तेव्हा ते कुलूपही बदलावे. त्याच जुडग्यात घराची किल्ली असेल तर घराचेही.

पूर्वीच्या कुलपाला विसरता येत नव्हते. आजच्या कुलपाला विसरायला शिकवता येते, हाच इतिहासाने दिलेला खरा नवा गुण आहे. आणि तक्रारीचा तो कागद? तो मालकाच्या पैशासाठी आहेच; पण त्याहून अधिक तो ड्रायव्हर, वॉचमन, गाडी धुणारा मुलगा यांच्यासाठी आहे. किल्ली अमुक दिवशी परक्या हाती गेली, हे ज्या घरात लिहून ठेवलेले असते, तिथे संशयाला घरच्या गरिबाच्या दारी जावे लागत नाही.