लिव्हरमधली घंटागाडी

हा भाग विश्रांतवाडीतल्या माझ्या खोलीतून रेकॉर्ड केलाय. ऐकणाऱ्यांना मागे आळंदी रोडचे हॉर्न ऐकू येतील, वाचणारे सुटले.

गेल्या महिन्यात ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये माझ्या रिपोर्टवर 'ग्रेड वन फॅटी लिव्हर' आलं. टीममधली पोरं म्हणाली, "आयटीवाल्यांना सगळ्यांनाच असतं रे." मला मात्र मामा आठवला. रोज रात्री एक क्वार्टर. सोनोग्राफीत लिव्हर वाढलेलं निघालं, तर म्हणाला, "चरबी आहे, चाललो की उतरेल." रोज सकाळी चालायचाही. २०१९ मध्ये लिव्हर सिऱ्हॉसिसनं गेला.

ती खरंच नुसती चरबी होती का? या प्रश्नाला चांगला शंभर वर्षांचा इतिहास आहे.

सुरुवात १९११ ची, बॉस्टनची. फ्रँक मॅलरी नावाचे पॅथॉलॉजिस्ट दारू पिणाऱ्यांची लिव्हर मायक्रोस्कोपखाली बघत होते. पेशींमध्ये त्यांना विचित्र गुठळ्या दिसल्या. आजही त्यांना 'मॅलरी बॉडी' म्हणतात. पण त्या कशाच्या आणि का साठल्या, हे तेव्हा कोणालाच सांगता येईना.

कारण पेशी आपला कचरा कसा काढते, हेच माहीत नव्हतं. १९५५ मध्ये बेल्जियमच्या ख्रिश्चन डी ड्यूव्ह यांनी उंदराच्या लिव्हरवर काम करताना लायसोसोम शोधला. ही पेशीतली पाचक रसांची पिशवी. पेशी आपलेच जुने भाग तिच्यात टाकून विरघळवते. या प्रकाराला १९६३ मध्ये त्यांनीच 'ऑटोफॅजी' हे नाव दिलं. पुढे दुसरी यंत्रणाही सापडली. खराब प्रोटीनला उबिक्विटिन नावाचा टॅग लागतो आणि प्रोटिअसोम नावाचं यंत्र त्याचे तुकडे करतं. त्या शोधाला २००४ चं नोबेल मिळालं, ऑटोफॅजीवरच्या कामाला २०१६ चं.

आमच्या भाषेत हा गार्बेज कलेक्टर. पुणेकरांच्या भाषेत घंटागाडी. सोसायटीत रोज कचरा होतोच, त्यात काही वाईट नाही. गाडी आली नाही की मग कळतं.

आता दारूकडे येऊ. दारुडा नीट जेवत नाही म्हणून त्याचं लिव्हर जातं, असं डॉक्टरही बरीच वर्षं मानत. न्यूयॉर्कच्या चार्ल्स लीबर यांनी ते खोडून काढलं: आहार चांगला असला तरी दारू स्वतःच लिव्हर बिघडवते. १९७५ मध्ये त्यांनी आणि एन्रिके बराओना यांनी दारू दिलेल्या उंदरांची वाढलेली लिव्हर तपासली. पाणी वगळून जे वजन वाढलं होतं, त्यात चरबी साधारण निम्मीच. उरलेलं जवळपास सगळं प्रोटीन!

हे प्रोटीन आलं कुठून? लिव्हर रक्तासाठी अल्ब्युमिनसारखी प्रोटीन बनवून बाहेर पाठवतं. दारूमुळे ती वाट तुंबते, हे तेव्हाच दिसलं. पुढच्या दशकांत दुसरी बाजू कळली: जुनं प्रोटीन मोडण्याचं कामही मंदावतं. दारू मोडताना ॲसिटाल्डिहाइड तयार होतं. ते प्रोटीनला चिकटून त्याला खराब करतं. रोज पिणाऱ्याच्या पेशीत हा कचरा वाढत जातो आणि त्याच वेळी प्रोटिअसोम आणि लायसोसोम दोघंही ढिले पडतात. गंमत म्हणजे एकदाच भरपूर प्यायल्यावर ऑटोफॅजी आधी वाढते, पेशी जोर लावून बघते. रोजच्या पिण्यात तो जोर संपतो.

आणि मॅलरींच्या गुठळ्या? त्यात निघालं केराटिन, पेशीच्या सांगाड्याचं प्रोटीन, आणि त्याला चिकटलेलं उबिक्विटिन. म्हणजे कचऱ्याला टॅग लागला होता, गाडीच आली नाही. १९११ मध्ये ढीग दिसला, पण सफाई अडलीय हे कळायला पाऊण शतक गेलं.

आपल्याकडचा कायदाही बघा. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे. दारू प्यायला परवाना लागतो आणि तो 'आरोग्य राखण्यासाठी' असतो!

आमच्या विश्रांतवाडीहून येरवड्याकडे जाताना मोहनवाडीत मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र लागतं. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते १९८६ मध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू केलं, पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या देणगीतून. मामा त्या रस्त्यानं कित्येक वर्षं कामाला गेला. मामी एकदा म्हणाली, "उतरून बघू या का?" तो म्हणाला, "मी काय बेवडा आहे का?" घरात आम्हीही कोणी पुढे बोललो नाही. चरबीच आहे म्हटल्यावर घाई कसली!

खरं तर घाई तेव्हाच करायची असते. दारूनं साठलेली सुरुवातीची चरबी दारू पूर्ण सोडली की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत उतरते. सिऱ्हॉसिसचे व्रण तसे पुसले जात नाहीत. फक्त रोज भरपूर पिणाऱ्यानं डॉक्टरांना विचारूनच थांबावं, एकदम बंद केलं तर जिवावर बेतू शकतं.

माझ्या रिपोर्टमध्ये खुर्चीचा आणि बिर्याणीचाही वाटा असेल. पण शुक्रवारचं 'बसणं' मी बंद केलंय. तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी आहे. काय येईल ते इथेच सांगेन. तुमच्या घरात असा एखादा मामा असेल तर हा भाग त्याला पाठवा. नुसता फॉरवर्ड करू नका, शेजारी बसून ऐकवा.