सँडी वादळ आणि बदललेला अहवाल



पूरविम्याचा वाद वरवर पैशांचा दिसतो. पण त्याच्या मुळाशी बहुधा एक तांत्रिक प्रश्न असतो: नुकसान नेमके कशामुळे झाले? अमेरिकेतील एका प्रकरणावरून तो समजून घेऊ.

1927 च्या मिसिसिपी महापुरानंतर तेथील खासगी कंपन्यांनी पुराची जोखीम घेणे जवळजवळ थांबवले. 1965 मध्ये बेट्सी वादळाने मोठी हानी केली आणि 1968 मध्ये राष्ट्रीय पूरविमा कार्यक्रमाचा कायदा झाला. 1983 पासून खासगी कंपन्या आपल्या नावाने ही सरकारी पॉलिसी विकू लागल्या. दाव्यांची तपासणी त्या करत, पण भरपाई सरकारी पैशातून जाई.

पॉलिसीतील एक कलम लक्षात ठेवा. पुराच्या पाण्याच्या जोराने पाया मोडला, तर भरपाई मिळते. जमीन खचल्यामुळे मोडला, तर मिळत नाही. मग ती जमीन पुरामुळे खचलेली असली तरी! म्हणजे घरमालकाचे भवितव्य अभियंत्याच्या एका निष्कर्षावर ठरते.

29 ऑक्टोबर 2012 रोजी सँडी वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आदळले. पौर्णिमेच्या भरतीत वादळाच्या उधाणाची भर पडली आणि न्यूयॉर्कजवळच्या लाँग बीचसारख्या किनारी वस्त्यांत समुद्र घुसला. तेथील एका घराची पाहणी करणाऱ्या अभियंत्याने लिहिले की, पुराच्या प्रवाहामुळे इमारतीच्या सांगाड्याचे नुकसान झाले आहे. विमा कंपनीकडे गेलेल्या अहवालात मात्र उलटे लिहिलेले होते: नुकसान पुरामुळे नसून जमिनीच्या दीर्घकालीन हालचालीमुळे झाले आहे. हा बदल जागेवर न गेलेल्या दुसऱ्या अभियंत्याने केला होता. घरमालकाला मूळ मसुदा पाहायला मिळाला, म्हणूनच ही गोष्ट उघड झाली.

नोव्हेंबर 2014 मध्ये संघीय न्यायाधीश गॅरी ब्राउन यांनी या पद्धतीवर कठोर ताशेरे ओढले. सँडीशी संबंधित इतर खटल्यांतही अहवालांचे सर्व मसुदे सादर करावेत, असा आदेश त्यांनी दिला. पुढे 2015 मध्ये आपत्ती व्यवस्थापन संस्था ‘फेमा’ने सुमारे 1,42,000 विमाधारकांना पत्रे पाठवून, दाव्याची फेरतपासणी मागण्याची संधी दिली.

तुमच्यापैकी अनेक जण उद्या अशा अहवालांवर सही कराल. सहकाऱ्याचा अहवाल दुसऱ्याने तपासणे चांगलेच. त्यातून चुका सापडतात. पण निष्कर्ष बदलला, तर कोणी, कधी आणि कोणत्या पुराव्यावर बदलला, याची नोंद राहिली पाहिजे आणि पाहणी करणाऱ्याला ते कळले पाहिजे. म्हणून पहिला मसुदा कधी फेकू नका. लाँग बीचच्या त्या कुटुंबाच्या हाती न्यायालयात दाखवण्यासारखा तोच तर पुरावा होता.

विचार करा: पाया पुराने मोडला की आधीच खचलेला होता, हे ठरवण्यासाठी तुम्ही जागेवर काय काय तपासाल?