कार्ड भरून देताना
2010 च्या सुमारास बीडमध्ये माझं मोबाइलचं दुकान होतं. दसरा झाला की ऊसतोडीला निघालेले कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, मेमरी कार्ड घेऊन यायचे. "सहा महिने पुरंल एवढं टाका, भाऊ."

दोन जीबीत जास्त सिनेमे मावावेत म्हणून ते थ्रीजीपी फॉरमॅटमध्ये करायचो. 176 बाय 144 ठिपक्यांचं चित्र; फोनच्या छोट्या पडद्याला पुरायचं. कॉम्प्युटरवरून कॉपी होईपर्यंत माणसं बोलत: आगाऊ उचल किती घेतली, लेकरं कुणाजवळ ठेवली. एक मावशी दरवर्षी दादा कोंडकेच मागायच्या. फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, वीज नसे, बॅटरी पुरवून बघत.

परवानगीविना दिलेले सिनेमे; ते चूकच होतं.

सप्टेंबर 2016 मध्ये जिओचं स्वस्त इंटरनेट आलं. पुढच्या हंगामांत गिऱ्हाईक आटलं. मावशी मात्र येऊन बसल्या, नुसत्याच बोलायला.