पतिरूपदेसवास आणि कोकणची भूमी

मनुष्याचे आचरण व त्याची उन्नती यांवर परिसराचा परिणाम होतो, हा विचार पाली वाङ्मयाला अपरिचित नाही. मंगलसुत्तात ‘पतिरूपदेसवास’, म्हणजे अनुरूप प्रदेशातील वास्तव्य, हे एक उत्तम मंगल मानले आहे. अंगुत्तरनिकायातील उत्कर्षाच्या चार चक्रांतही त्याला पहिले स्थान आहे. परंतु अनुरूप प्रदेश कोणता? अट्ठकथेनुसार जेथे भिक्खू, भिक्खुणी, उपासक व उपासिका या चार परिषदा राहतात, दानादी पुण्यकर्मे घडतात आणि शास्त्याचे शासन प्रकाशमान असते, तो. त्यात मातीचा वा हवामानाचा उल्लेख नाही. प्रदेशाची योग्यता तेथील माणसांच्या व्यवहारावरून ठरते.

हा निकष मालवणच्या किनाऱ्याला लावून पाहू. जांभ्याचे सडे, मातीचा पातळ थर, भरपूर पाऊस. पण पाणी उतारावरून समुद्राला मिळते आणि उन्हाळ्यात टंचाई होते. सखल मळ्यांत भात, वरकस जमिनीत नाचणी. येथील दारिद्र्याचे कारण या भूमीतच शोधण्याचा प्रघात आहे. त्यात तथ्य आहे; परंतु एकाच पावसात भिजणाऱ्या गावात सर्वांचे जीवन सारखे का नव्हते, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

मालवण, देवगड हे तालुके ज्यात मोडत, त्या तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यात सरकार व कूळ यांच्यामध्ये खोत उभा होता. कुळाच्या कष्टाच्या धान्यातून त्याचा वाटा निघे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कायदा १९४९ साली झाला. माती व पाऊस तेच राहिले, कुळाचे कायद्यातील स्थान बदलले.

पाण्याचेही तसेच. १६६४ साली शिवाजी महाराजांनी मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे बांधकाम सुरू केले. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या त्या खडकावर दूधबाव, साखरबाव व दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. निसर्गाने भर समुद्रात गोडे पाणी दिले. गावोगावच्या पाणवठ्यांवर माणसाने माणसाला अडविले. म्हणूनच याच कोकणातील महाड येथे २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचा सत्याग्रह करावा लागला.

कोकणातून मुंबईस गेलेल्या आपल्या वाडवडिलांना परळ-नायगावच्या चाळींत मोकळी हवा मिळाली नाही. तरीही तेथे शाळा, सभा व संघटना होत्या. स्वतः बाबासाहेब परळच्या चाळीत राहून चळवळ उभारीत होते. अट्ठकथेच्या अर्थाने अनुरूप प्रदेश त्या कोंदट खोल्यांभोवती घडत होता.

सर्व काही पूर्वकर्माने, ईश्वरेच्छेने किंवा अकारण घडते, ही तीन मते तथागतांनी नाकारली. कारण त्यांत कर्तव्याला व प्रयत्नाला जागा उरत नाही. भूमीच सर्व काही ठरविते, हे मतही त्याच पंक्तीतले आहे. कोकणातील प्रत्येक बौद्धवाडीत विहाराला जोडून वाचनालय व मुलामुलींसाठी अभ्यासाची जागा उभी करणे, हे पतिरूपदेसवासाचे आजचे आचरण होय.