उंसाचा रस : एक उन्हाळी दिनविशेष

शाळा-कॉलेजांच्या दारांतील काळ्या फळ्यावर रोज सकाळीं ‘दिनविशेष’ लिहून ठेवण्याची चाल आतां इतकी रूढ झाली आहे कीं, ती केव्हां सुरू झाली हें कोणी विचारीत नाहीं. अमुक दिवशीं अमुक थोर पुरुष जन्मला, अमुक किल्ला पडला, अमुक यंत्राचा शोध लागला, अशीं चार-पांच वाक्यें खडूनें लिहिलेलीं असतात. मुलें जातां येतां तीं वाचतात आणि दुसऱ्या दिवशीं तीं पुसलीं जातात. या चालीला हंसणारे विद्वान् आम्हांस ठाऊक आहेत. आम्ही स्वतः त्यांत नाहीं. जयंतराव साळगांवकर यांनीं १९७३ सालीं ‘कालनिर्णय’ काढून महाराष्ट्राच्या भिंतीवर जें टांगलें, त्याच्या पुढच्या अंगाला तिथिवार आणि मागच्या अंगाला पाककृति, ही योजना आमच्या मतें मोठी मार्मिक होती. मराठी घरांत तारीख आणि पदार्थ हीं कधींच वेगळीं नव्हतीं. पाडवा म्हणजे साखरेच्या गाठी व गुळाबरोबर कडुनिंब, चैत्रगौर म्हणजे आंब्याची डाळ व पन्हें, अक्षय्यतृतीया म्हणजे आमरस, हें पंचांग ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांसही पाठ असतें.

परंतु उन्हाळ्याचा एक पदार्थ असा आहे कीं, त्याला कोणत्याच फळ्यावर स्थान मिळालेलें नाहीं. तो म्हणजे उंसाचा रस. आणि ही उणीव ज्या गांवीं सर्वांत अधिक जाणवावी तें गांव म्हणजे इंदापूर तालुक्यांतील वालचंदनगर.

त्या मुलखापुरता एप्रिल महिन्याचा दिनविशेष पाहा. ५ एप्रिल : १९१९ सालीं या दिवशीं शेठ वालचंद हिराचंद व त्यांचे सहकारी यांच्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही आगबोट मुंबईहून लंडनकडे निघाली, त्याच्या स्मरणार्थ हा राष्ट्रीय सागरी दिन मानतात. ८ एप्रिल : १९५३ सालीं गुजराथेंतील सिद्धपूर येथें शेठजींचा अंत झाला. १५ एप्रिल : १७९४ सालीं बारामतीस कविवर्य मोरोपंत निवर्तले. बोट, मृत्यु आणि पुन्हां मृत्यु. ज्या पिकानें ह्या माळरानाचें नगर केलें त्याच्याविषयीं अक्षरही नाहीं. बोटीला निघण्याची तारीख असते; उंसाला कोणती असावी?

मोरोपंत बारामतीस राहत होते तेव्हां कऱ्हेच्या कांठीं ऊंस असलाच तर तो विहिरीच्या मोटेवरचा. या टापूंत पाऊस वीस इंचांच्या आसपास, आणि तोही लहरी. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानें दख्खन होरपळून निघाल्यावर सरकारनें नीरेच्या खोऱ्यांत कालव्याचें काम मनावर घेतलें. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहूं लागला. त्याला पाणी पुरविण्यासाठीं भोरच्या बाजूस वेळवंडी नदीवर भाटघर येथें धरण बांधलें गेलें. पुढें त्याच्याच खालीं मोठें ‘लॉइड धरण’ १९२८ च्या सुमारास पुरें झालें. कालवा खणला तो दुष्काळांत ज्वारी-बाजरी वांचावी म्हणून. पण चांगल्या वर्षीं ज्वारीला पाणी घेण्यास कुणबी तयार होईना, आणि पाणीपट्टीचें उत्पन्न तर हवें होतें. बारमाही पाणी घेऊन बारमाही पट्टी देणारें पीक एकच होतें, तें म्हणजे ऊंस. विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या नोकरींत असतां त्यांनीं दख्खनच्या कालव्यांसाठीं ‘ब्लॉक पद्धति’ आंखून दिली; एका गटांत थोडा ऊंस आणि बाकी हंगामी पिकें, म्हणजे पाणी अधिकांस मिळावें, असा तिचा हेतु होता. हेतु कागदावर राहिला आणि ऊंस शेतांत, असें पुढच्या शंभर वर्षांचें सार कोणी काढल्यास आम्ही त्यास फार दोष देणार नाहीं.

त्याचा परिणामही लवकर दिसला. पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनीं ताम्हाणे यांच्या साह्यानें नीरा खोऱ्यांतील खारवट जमिनींची पाहणी केली. ती १९१० सालीं प्रसिद्ध झाली. म्हणजे कालव्याला अवघीं पंचवीस वर्षें होतात न होतात तोंच जमीन चोपण होऊं लागल्याची नोंद सरकारदरबारीं झाली होती. ऊंस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊं नये, ही आपली म्हण कोणी कालव्यावर बसूनच रचली असावी, असें वाटतें. वस्तुतः ती कालव्याहून पुष्कळच जुनी आहे.

आतां साखरेकडे वळूं. आमच्या आजोबांच्या पिढींत पांढऱ्या साखरेला ‘मोरस’ म्हणत, कारण ती मॉरिशसहून येई. तिच्या मागोमाग जर्मनी-ऑस्ट्रियाची बीटाची साखर आली, आणि ती इतकी स्वस्त कीं १८९९ सालीं तिच्यावर प्रतिकारक जकात बसवावी लागली. मग जावाची आली. ही साखर हाडांच्या कोळशानें शुभ्र करतात, या कारणास्तव सोंवळ्यांतील मंडळी ती देवाच्या नैवेद्यास चालूं देत नसत. १९०५ च्या स्वदेशी चळवळींत या समजुतीचा पुरेपूर उपयोग झाला. तरी लोक जावाची साखर खातच होते. १९२९-३० च्या सुमारास हिंदुस्थानांत वर्षाला नऊ-दहा लक्ष टन परदेशी साखर येत होती. ज्या देशानें जगाला ‘शर्करा’ हा शब्द दिला, तिचें अरबींत ‘सुक्कर’ आणि इंग्रजींत ‘शुगर’ झालें, ज्याच्या ‘खंडा’पासून इंग्रजी ‘कॅन्डी’ झाली, त्यानें साखर बाहेरून विकत घ्यावी, हा देखावा मोठा विचित्र होता. १९३२ च्या एप्रिलांत साखरेच्या धंद्याला संरक्षण देणारा कायदा झाला. तेव्हां देशांत उंसापासून साखर करणारे कारखाने सुमारें बत्तीस होते. चार-पांच वर्षांत ते शंभराच्या वर गेले.

त्या लाटेंतलें एक नांव वालचंदनगर. शेठजींनीं मालेगांवजवळ रावळगांव येथें १९२३ सालींच ऊंसमळा उभा केला होता. तोच प्रयोग नीरेच्या कांठीं कळंब गांवाजवळ, मार्सलँड प्राइस या त्यांच्या कंपनीच्या द्वारें, १९३० नंतरच्या दशकांत झाला. मळा, कारखाना, चाळी, बंगले, शाळा असें करीत कळंबच्या शेजारीं एक नवें नगर वसलें आणि त्यास संस्थापकाचें नांव मिळालें. त्याच १९३२ सालीं सासवडकडच्या माळी बागाइतदारांनीं माळशिरस तालुक्यांत माळीनगरचा ‘सासवड माळी शुगर फॅक्टरी’ हा उद्योग काढला, हेंही येथें सांगितलें पाहिजे. शेटजींच्या भांडवलाशिवाय शेतकऱ्यांस कारखाना काढतां येतो, हें तेथें प्रथम दिसलें, आणि १९५० सालीं प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनीं त्याला सहकाराचें रूप दिलें. शेतजमीन कमाल धारणेच्या १९६१ च्या कायद्यानें कारखान्यांचे मळे गेले, ते १९६३ सालीं निघालेल्या शेती महामंडळाकडे आले. वालचंदनगरशेजारचा रत्नपुरीचा मळा त्यांतलाच. नगराच्या यंत्रशाळेंत मात्र साखरेच्या कारखान्यांची सामग्री होतां होतां पुढें अग्निबाणांचे भागही घडूं लागले. चरकापासून अवकाशयानापर्यंत! असो.

इतका सारा इतिहास सांगूनही रस अजून आलाच नाहीं, अशी वाचकांची तक्रार रास्त आहे. पण मौज हीच आहे. कारखाना हा रसाचा शत्रु आहे. त्याच्या दृष्टीनें रस ही एक वाटेंतली अवस्था. चुना आणि गंधकाचा धूर देऊन तो निवळायचा, हवा काढून घेतलेल्या भांड्यांत मंद उष्णतेवर आटवायचा (ही युक्ति एडवर्ड हॉवर्ड या इंग्रजाची, १८१२-१३ सालची), आणि शंभर शेर उंसांतून दहा-अकरा शेर साखर काढून बाकीचें विसरून जायचें. त्या नगरांत लक्षावधि मण रस वाहिला, पण तो कोणाच्या पेल्यांत पडावा म्हणून नव्हे. गुऱ्हाळाचें तसें नाहीं. तेथें काहिलीखालीं चुलाण पेटलेलें असतें, गुळव्या आधणाकडे डोळा लावून उभा असतो, आणि तरीही वाटेनें जाणाऱ्याला चरकाखालचा तांब्याभर रस नाकारीत नाहींत. गुऱ्हाळावर रस मागणें ही लाज नव्हे आणि तो देणें हा उपकार नव्हे, असा जुना शिरस्ता आहे. कारखान्याच्या दारावर पहारेकरी असतो. या एका फरकांत खेड्याचें आणि नगराचें अर्थशास्त्र सामावलें आहे, असें आम्हांस वाटतें.

मग शहरांतला रस आला कोठून? तो चरकाबरोबर आला. लांकडी चरक जाऊन लोखंडी आले. किर्लोस्करवाडीस १९१० नंतर नांगरांबरोबर उंसाचे चरकही तयार होऊं लागले. बैल फिरवीत असलेल्या चरकाला घुंगरूं बांधीत. पुढें बैल गेला, हातचक्र आलें, मग विजेची मोटर आली. घुंगरूं मात्र राहिलें. पुण्या-मुंबईपासून बारामती-इंदापूरपर्यंत रसाचीं दुकानें पाहिलीं तर पाट्यांवर ‘नवनाथ’ आणि ‘कानिफनाथ’ हीं नांवें वारंवार येतात. याचें कारण शोधण्यास दूर जावें लागत नाहीं. पुरंदर तालुक्यांत बोपगांवजवळ कानिफनाथांचा गड आहे, आणि हा धंदा करणारे पुष्कळजण त्याच बाजूचे. शेतांत पाणी नसलेल्या महिन्यांत घर सोडून चरक घेऊन निघायचें आणि पाऊस पडला कीं परतायचें, असा त्यांचा क्रम. म्हणजे पुरंदरच्या कांहीं लोकांनीं उंसाचा कारखाना काढला आणि कांहींनीं रसाचें दुकान. पहिल्यांचें नांव इतिहासांत आहे.

‘रसवंती’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. संस्कृतांत रसवती म्हणजे स्वयंपाकघर. जुन्या मराठींत रसवंती म्हणजे जिव्हा, वाणी. कवीची रसवंती प्रसन्न झाली असें आपण म्हणतों, तीच आतां बर्फाच्या लादीजवळ उभी राहून ‘हाफ कीं फुल्ल’ असें विचारते. शुद्धिवाद्यांस याचा राग येतो. आम्हांस हा अर्थान्तराचा प्रवास उलट शोभून दिसतो. शेवटीं दोन्ही ठिकाणीं काम जिभेचेंच.

रसांत लिंबू आणि आलें घालतात तें केवळ चवीसाठीं नव्हे. उघड्या हवेंत रस लवकर काळवंडतो, लिंबाच्या आंबटपणानें तें मंदावतें. कापलेल्या उंसांतली साखरही दिवसागणिक उतरत जाते. म्हणून कारखानदाराला घाई असते आणि रसवाल्यालाही. ऊंस कोणता, यावरही पुष्कळ अवलंबून आहे. पूर्वीं पुंड्या ऊंस जाड, मऊ व रसाळ म्हणून खाण्यास नांवाजलेला होता. मग जावाहून पी. ओ. जे. २८७८ आला, कोइमतूरहून को ४१९ आला. नीरेच्याच खोऱ्यांत पाडेगांव येथें १९३२ पासून उंसाचें संशोधनकेंद्र आहे. आज महाराष्ट्रांत दूरवर लावला जाणारा को ८६०३२ हा वाण ‘निरा’ या नांवानें ओळखतात. ज्या नदीचें पाणी उंसानें प्यालें, तिचें नांव त्याला मिळालें, हा न्यायच म्हणावयाचा.

आणि आतां तो फळा. वस्तुतः उंसाच्या रसाला दिनविशेष आहे, आणि तो भर उन्हाळ्यांतला आहे. जैनांचे आदितीर्थंकर ऋषभदेव यांनीं दीर्घ उपवासानंतर हस्तिनापुरास श्रेयांस राजाच्या हातून पारणें केलें, तें उंसाच्या रसानें; तो दिवस वैशाख शुद्ध तृतीया. वर्षीतप करणारे श्रावक आजही त्या दिवशीं रसानेंच पारणें करतात. इक्ष्वाकु या कुलनामाचा संबंधही जैन परंपरा इक्षूशीं, म्हणजे उंसाशीं, लावते. सोलापूरच्या ज्या दिगंबर जैन घराण्यांत शेठ वालचंद जन्मले, त्या घरांत ही कथा लहानपणापासून कानांवर पडत असणार. म्हणून त्यांनीं ऊंस लावला, असें म्हणणें इतिहासाला धरून होणार नाहीं. त्यांनीं तो जकातीचा तक्ता पाहून लावला. पण अक्षय्यतृतीयेला वालचंदनगरच्या फळ्यावर लिहिण्याजोगें दुसरें काय असूं शकेल?

अडचण एवढीच कीं, तो फळा इंग्रजी तारखांवर चालतो. २०२४ सालीं अक्षय्यतृतीया १० मे रोजीं पडली, २०२५ सालीं ३० एप्रिलला. तिथि दरसाल जागा बदलते, आणि दिनविशेषाच्या वहींत तिच्यासाठीं पान नाहीं. रस मात्र त्या दिवसांत हटकून मिळतो. कारखान्यांचीं धुराडीं तोंपर्यंत बहुधा थंडावलेलीं असतात, आणि गाळपांतून वांचलेल्या उंसाच्या मोळ्या रसवंतीच्या दाराशीं ओल्या गोणपाटाखालीं उभ्या असतात.